थोरलीची चिमूट

हाताला यश असतं असं लोक म्हणतात. काचघरातल्या थोरलीचं यश मात्र आख्ख्या हातात नव्हतं. ते उजव्या अंगठ्याच्या आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या टोकावर होतं. एवढ्याशा जागेत मावणारं यश सांभाळायचं म्हणजे जिवाला घोरच. त्यात थोरली मुळातच अशी, की गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यातून दोनदा परत जाणारी. तिची धाकटी जाऊ म्हणायची, "जाऊबाईंना काळजी करायला काही सापडलं नाही, तर आज काही सापडलं कसं नाही याची काळजी लागते." बोलायला धाकटीचं काय जातं!

दोघी जावा एकाच काचघरात कामाला जायच्या आणि शेजारच्या टेबलांशी काम करायच्या. काचघर सॅलडच्या कोवळ्या पानांचं. लेट्यूसचं बी पसरट ट्रेमध्ये दाट पेरायचं, पानं बोटभर झाली की कात्रीने कापायची, गार पाण्यात धुवायची, डब्यांत भरून हॉटेलांकडे पाठवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण लेट्यूसचं बी म्हणजे नखाच्या फटीत हरवेल एवढी काळी काडी. मोठ्याने हसलं तरी तळहातावरून उडून जातं. त्याचा स्वभावही नाजूक. मातीखाली गाडलं तर रुसून बसतं, उजेड दिसला तरच उगवतं. म्हणून ते वरच्या वर पेरायचं आणि लाकडी फळीने नुसतं दाबायचं. ट्रेमध्ये भरलेला नारळाचा भुसा भिजून काळाकुट्ट झालेला, बीही काळं. एकदा पडलं की कुठे पडलं हे कुणाच्या बापाला दिसत नाही. मग पेरणाऱ्याला कसं कळायचं? बोटाला कळायचं. चिमटीत बी धरायचं, अंगठा बोटावरून हलकेच पुढे सरकवायचा, आणि दाणा सुटला की ते बोटाच्या टोकाला जाणवायचं. डोळ्यांना कळायला तीन-चार दिवस थांबावं लागायचं.

मॅडमनी, म्हणजे काचघराच्या मालकिणीने, एकदा हौसेने पेरणीचं यंत्र आणलं होतं. त्याने ट्रेच्या एका कोपऱ्यात मूठभर बी ओतलं आणि बाकी ट्रेभर ठणठणगोपाळ. तेव्हापासून बायका त्या यंत्रावर एप्रन टांगायच्या. पेरायचं ते थोरलीनेच. तिचा ट्रे उगवला की चादर अंथरावी तसा सारखा दिसायचा, कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही. धुलाईच्या खोलीतल्या बायकांनी तिचं नाव चिमूटबाई ठेवलं होतं. चिडवायला ठेवलेलं नाव, पण थोरलीला ते फार आवडायचं.

आवडणारच. त्याआधी कितीतरी वर्षं ती स्वतः धुलाईच्या खोलीत होती. दिवसभर कोपरापर्यंत हात गार पाण्यात, समोर भिंत, आणि हाक मारायची ती "अहो, तुम्ही" अशी. घरीही तिच्या शब्दाला वजन होतं अशातला भाग नाही. नवरा म्हणायचा, "तू म्हणशील तसं," आणि करायचा मनासारखं. पेरणीच्या टेबलाशी बसल्यावर मात्र पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारू लागलं. नवं बी आलं की मॅडम पुडी तिच्यापुढे धरायच्या आणि म्हणायच्या, "बघा जरा, कसं वाटतंय?" ती चिमटीत घेऊन बघायची आणि सांगायची. मॅडम मान डोलवायच्या. एवढंच. पण हे एवढंच तिला इतर कुठेही मिळालं नव्हतं, आणि ते जाईल की काय या भीतीने ती मिळाल्या दिवसापासून धास्तावलेली होती.

धाकटीला इथे चिकटवली तीही थोरलीनेच. धाकटा दीर ट्रक चालवायचा, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. थोरलीच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात एकटी बसून धाकटी शेजाऱ्यापाजाऱ्यांचं डोकं खायची. थोरलीने मॅडमपाशी शब्द टाकला. धाकटीच्या वाट्याला फळीचं काम आलं. थोरलीने पेरलेला ट्रे उचलायचा, मागच्या टेबलावर न्यायचा, फळीने दाबायचा, फवारा मारायचा आणि मांडणीवर ठेवायचा. दोघींच्या पाठी एकमेकींकडे असायच्या. धाकटीचं तोंड चालू, थोरलीचे हात चालू. घरी नळाच्या पाण्यावरून कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी इथे काम बिनबोभाट चालायचं.

तर एका सकाळी थोरलीने गॅसवरच्या पातेल्याचं झाकण नुसत्या हाताने उचललं आणि ओट्यावर ठेवलं. नवरा समोर चहा पीत बसला होता. तो दचकून म्हणाला, "अगं, फडकं घे की! केवढं तापलंय ते!"

"कुठे तापलंय?" थोरली म्हणाली. मग तिने बोटं पाहिली. दोन्ही टोकं लाल झाली होती. काहीच कळलं नव्हतं.

नवरा पेशाने वायरमन. जगातल्या सगळ्या दुखण्यांना त्याच्याकडे एकच निदान होतं. "करंट पोचत नाहीये," तो तिचा हात उलटासुलटा करत म्हणाला. "कुठेतरी वायर लूज झाली आहे. डॉक्टरला दाखव."

"मी काय पंखा आहे?" थोरलीने हात सोडवून घेतला.

नवरा कामाला गेल्यावर तिने डबे काढले. डोळे मिटून चिमटीत मीठ घेतलं, मग साखर. कुठलं काय ते ओळखता आलं नाही. तांदळाचा दाणा कळला, पण भिंतीपलीकडून कुणी बोलल्यासारखा, लांबून. आणि लेट्यूसचं बी तर तांदळाच्या पासंगालाही पुरत नाही.

डॉक्टरकडे ती गेली नाही. डॉक्टर काहीतरी ठाम सांगेल, आणि ठाम सांगितलेलं मग लपवता येत नाही. मॅडमना तेव्हाच सांगायला हवं होतं की नाही? हवंच होतं. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपणच पिढ्यानपिढ्या एकमेकांना शिकवत आलो आहोत, मग थोरलीने ती झाकली तर तिला एकटीला कशाला बोल लावायचा?

ती रोज टेबलाशी बसायची, चिमटीत बी घ्यायची, अंगठा सरकवायची, आणि दाणा सुटला की नाही हे तिला कळायचं नाही. भिंतीवरचा पंखा फिरतोय, मागे धाकटी बडबडतेय, आणि आपण रिकामी बोटं तर घासत नाही ना, ही एकच शंका. कुणी पाठीमागून गेलं तरी तिचा हात थबकायचा. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायची आणि अर्धा तसाच मिटायची.

आणि तरीही ट्रे उगवत होते! पहिल्या आठवड्यात ती मांडणीकडे जाताना जीव मुठीत धरून जायची. जाऊन बघते तर ट्रे हिरवागार, पूर्वीसारखाच एकसारखा. दुसरा बघावा, तोही तसाच. थोरलीचा आधी विश्वास बसेना, मग हळूहळू बसला. तिने मनाशी एक तर्क बांधला. इतक्या वर्षांची सवय आहे, बोटं आपल्याला विचारून थोडीच काम करतात! आपल्याला कळत नसलं तरी त्यांना कळत असणार. माणूस बुडायला लागला की असले तर्क त्याला लगेच सुचतात. थोरलीला त्या तर्काचा आधार वाटला, आणि थोडे दिवस तिचा डबाही संपू लागला.

मग धाकटीला ताप आला. ती दोन दिवस कामावर आली नाही. फळी धरायला धुलाईच्या खोलीतली एक बाई आली, निमूटपणे दाबून, फवारून गेली. त्या दोन दिवसांचे ट्रे जेव्हा उगवले, तेव्हा थोरलीने एकेक ट्रे उजेडात ओढून पाहिला. मध्येच चार कोंब, मग तळहाताएवढं टक्कल, मग पुन्हा दोन कोंब. एका ट्रेची अर्धी बाजू तर काळीभोर, तशीच.

मॅडमनी कमरेवर हात ठेवून ते ट्रे पाहिले. थोरलीच्या हातावर शंका घ्यायचं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. "बी जुनं दिलं त्याने," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तिथेच उभ्या राहून बीवाल्याला फोनवर फैलावर घेतलं. बिचारा बीवाला तिकडून शपथा घेत होता. थोरली शेजारी उभी राहून ते सगळं ऐकत होती. त्या दिवशी घरी तिला घास उतरला नाही. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, "दात दुखतोय."

नेमकं त्याच आठवड्यात मोठं काम आलं. शहरात नवं हॉटेल उघडत होतं आणि पहिल्या दिवसापासून पानं आपल्याच काचघराची जाणार होती. मॅडमनी शब्द दिला होता. त्या टेबलापाशी आल्या, थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसत म्हणाल्या, "यावेळी नवं बी मागवलंय. आता टक्कल नको हं, चिमूटबाई!"

"नाही हो," थोरली म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

पेरणीच्या दिवशी धाकटी फळीपाशी होतीच. ताप जाऊन चार-पाच दिवस झाले तरी चेहरा उतरलेला, पण तोंड तसंच. बदली आलेल्या बाईने हिचं फडकं कुठे ठेवलं यावरून तिने सकाळीच पुन्हा गोंधळ घातला. थोरलीचं लक्ष नव्हतं. तिने बेत ठरवला होता. बोटांवर भरवसा नाही ना, मग प्रत्येक ट्रे दोनदा पेरायचा. पहिल्यांदा निसटलं असेल ते दुसऱ्यांदा भरून निघेल. धाकटी मागे वळून फळी दाबत असायची, तेवढ्यात थोरली पेरलेल्या ट्रेवरून आणखी एक हात फिरवून घ्यायची. फळीचा आवाज थांबला की हिचा हात थांबायचा. चोरी करणाऱ्याला कान लांब फुटतात.

"आज हळू चाललंय तुमचं, जाऊबाई," धाकटी एकदा म्हणाली.

"हॉटेलचं काम आहे. नीट नको व्हायला?"

"नीटच होतं हो तुमचं," धाकटी म्हणाली, आणि का कोण जाणे, पुढे काही बोलली नाही. इतर वेळी तिने त्यावर पुराण लावलं असतं.

पुढचे दिवस थोरलीने कसे काढले ते तिचं तिला माहीत. भाजीत मीठ दोनदा पडलं. नवरा म्हणाला, "आता लूज नाही, शॉर्टसर्किट झालंय," तर त्याच्यावर खेकसली, आणि मग तिला रडूच आलं. काचघरात पोचल्यावर ती एप्रन बांधायच्या आधी मांडणीकडे जायची आणि वाकून बघायची. काळा भुसा, वर पाण्याचे थेंब. कुठेतरी पांढरं टोक दिसल्यासारखं वाटायचं आणि डोळे चोळून बघितलं की नसायचं.

मग एका सकाळी सगळं एकदम वर आलं. मांडणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं, एकाही ट्रेला टक्कल नाही. थोरलीचा जीव भांड्यात पडला. तिने धाकटीला हाक मारून दाखवलं. धाकटी आली, वाकली, आणि जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"दाट आलंय," ती म्हणाली.

"दाटच हवं असतं."

"हो, पण..." धाकटीने बोटाने एक कोंब बाजूला केला. खाली आणखी कोंब होते, त्यांच्याखाली आणखी. एकमेकांच्या अंगावर चढून त्यांनी वरचा भुसा पापुद्र्यासारखा उचलला होता.

दुसऱ्या दिवशी ते दोऱ्यासारखे लांब आणि फिके झाले. मुळाशी वारा जायला जागा नाही, पाणी सुकायला जागा नाही. मग बुडाशी पांढरी लव धरली, आणि कोंब आधी एका कोपऱ्यात आडवे झाले, मग मधोमध, मग सगळीकडे. अति तिथं माती म्हणतात, ते इथे ट्रेमध्ये डोळ्यांसमोर घडत होतं. टेबलाजवळ कुबट वास येऊ लागला. हॉटेलसाठी पेरलेला एकही ट्रे कापायला ठेवण्यासारखा राहिला नाही.

मॅडम आल्या. एक ट्रे उचलून त्यांनी टेबलावर ठेवला, दुसरा उचलला, तिसऱ्याला हातच लावला नाही. त्या ओरडल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं.

"तिप्पट बी पडलंय," त्या म्हणाल्या. "चिमूटबाई असं पेरणार नाहीत. इतक्या वर्षांत कधी पेरलं नाही." आणि त्या धाकटीकडे वळल्या. "तू काय केलंस?"

थोरलीने एक पाऊल पुढे टाकलं. आता बोलावं. आता. तेवढ्यात धाकटीच म्हणाली, "मी वरून पेरलं."

थोरलीने चमकून तिच्याकडे पाहिलं.

"वरून पेरलं म्हणजे?"

"दाबायच्या आधी. प्रत्येक ट्रेवर एकेक चिमूट टाकली. मला वाटलं, कमी पडतंय."

"तुला वाटलं? तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"आणि हे याच वेळी केलंस, की आधीपासून चाललंय?"

धाकटीने खाली बघितलं. "झाले बरेच दिवस. तापात पडले होते तेवढे सोडून."

मॅडम काय म्हणाल्या ते थोरलीला नीट ऐकू आलं नाही. विश्वासाचं काहीतरी, दिलेल्या शब्दाचं काहीतरी, आणि शेवटी, "उद्यापासून येऊ नकोस." थोरली त्या दोन दिवसांच्या टकलांवर अडकली होती. तापात पडले होते तेवढे सोडून. म्हणजे ते टक्कलच तेवढं आपलं. बाकी जे हिरवं उगवलं, चादरीसारखं एकसारखं, ज्याच्या जोरावर आपण पुन्हा डबा संपवायला लागलो होतो, ते हिचं. ही पाठीमागे उभी राहून तोंडाने बडबडत होती आणि हाताने आपल्या रिकाम्या जागा भरत होती. हिने ते केव्हा ओळखलं? की झाकणाची गोष्ट भिंतीपलीकडे ऐकू गेली होती? आणि ओळखून एक अक्षर बोलली नाही, जगातली सगळ्यात बडबडी बाई!

धाकटीने एप्रन सोडला. तिने थोरलीकडे एकदाही पाहिलं नाही. थोरलीला कळलं, ती मुद्दामच बघत नाहीये, वाट मोकळी ठेवतेय. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की टेबल आपलं, चिमूटबाई हे नाव आपलं, मॅडम पुडी पुढे धरून विचारणार तेही आपलं. आणि थोरली गप्प बसली. खोटं कशाला सांगा, ती गप्प बसली. धाकटी एप्रन यंत्रावर टांगून दारापर्यंत पोचेपर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा ती म्हणाली, "थांब गं."

मग ती मॅडमकडे वळली. "तिप्पट झालं ते तिच्यामुळे नाही. मी दोनदा पेरलं होतं. तिसरं तिचं."

"तुम्ही कशाला दोनदा पेराल?"

"बी सुटलं की नाही ते मला कळत नाही. बोटांना समजतच नाही काही. पुष्कळ दिवस झाले."

मॅडमनी सुस्कारा सोडला. "चिमूटबाई, जावेला पाठीशी घालू नका. तुम्हीच आणलीत तिला, वाईट वाटणारच. पण असलं काहीतरी सांगू नका. तुमचा हात मला माहीत नाही का?"

"खरं सांगते."

"जाऊबाई, कशाला..." दारातून धाकटी म्हणाली.

"तू गप्प बस. एवढे दिवस बसलीस ना?" थोरली स्टुलावर बसली. तिने उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. "मी डोळे मिटते. त्या पुडीतलं बी घ्या आणि माझ्या बोटावर ठेवा. कुठल्याही ठेवा. कुठल्या बोटावर ठेवलं ते मी सांगते. सांगता आलं, तर मी खोटी."

तिने डोळे मिटले. पुडीचा कागद चुरचुरला. मॅडमच्या बांगड्या जवळ आल्यासारख्या वाजल्या. आणि या क्षणीसुद्धा थोरलीला आशा होती! धाकटी वाचायला हवी, हे तर होतंच. पण आतून वेडं मन म्हणत होतं, एवढं लक्ष देऊन बसलो आहोत, कदाचित आज कळेल. दाणा टेकला की टोकाला बारीकसं खुपेल, पूर्वीसारखं. मग काय सांगायचं ते बघू. तिने सगळा जीव त्या बोटांत गोळा केला आणि वाट बघत राहिली.

पंखा फिरत होता. कुठेतरी नळ ठिबकत होता.

"ठेवा की मॅडम," ती म्हणाली.

तिने मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले.

"अहो ठेवा, संकोच कसला? मी चोरून बघत नाहीये." ती किंचित हसलीसुद्धा.

दारापाशी धाकटीला हुंदका फुटला. थोरलीने डोळे उघडले. मॅडम हात मागे घेऊन केव्हाच्या उभ्या होत्या, आणि तिच्या पाचही बोटांवर एकेक काळा दाणा होता.